मोटारीचे नाशिक, विजेचे नाशिक

३ ऑक्टोबर २०२४ रोजी महिंद्राने पाच दारांच्या ‘थार रॉक्स’ची नोंदणी सुरू केली आणि पहिल्या तासाभरात १ लाख ७६ हजार २१८ जणांनी पैसे भरून आपला नंबर लावला. गाडी बनते नाशिकच्या सातपूरला. शहरासाठी ही अभिमानाची बातमी होतीच. पण सातपूर-अंबडच्या गल्ल्यांमधून ज्यांचे पत्र्याचे, रबराचे, टर्निंगचे काम चालते, त्यांच्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला असणार. या गर्दीतले किती काम आपल्या दारापर्यंत पोहोचणार? आणि आणखी दहा वर्षांनी याच गाडीचा नवा अवतार आला, तर त्यात आपला भाग असेल का?

भारतीय वाहन उद्योगाचे काय चालले आहे, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीतल्या आकडेवारीत सापडते. पुढे काय होणार, याचे उत्तर मात्र नाशिकसारख्या गावात शोधावे लागते. इथे पूर्ण गाडी बनते, टायर बनतात, शॉक ॲब्सॉर्बर बनतात, डिझेल इंजिनाचे नोझल बनतात. त्याच रस्त्यांवर स्विचगिअर, कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरचे पोलादही बनते. मोटारीचे नाशिक आणि विजेचे नाशिक अशी दोन शहरे गेली पन्नास वर्षे एकाच औद्योगिक वसाहतीत शेजार करून आहेत, तरी त्यांच्यात व्यवहार फारसा झाला नाही. विजेवरच्या गाडीने या दोघांची गाठ घालून द्यायला हवी होती. ती अजून पडलेली नाही, आणि नाशिकच्या वाहन उद्योगाचा आजचा खरा प्रश्न हाच आहे.

भरभराटीचे आकडे

आधी देशाचे चित्र. २०२२ मध्ये भारताने जपानला मागे टाकले आणि चीन-अमेरिकेखालोखाल जगातली तिसरी मोठी वाहन बाजारपेठ म्हणून जागा मिळवली. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाख प्रवासी वाहने, १ कोटी ९६ लाख दुचाकी, साडेनऊ लाखांहून अधिक व्यापारी वाहने आणि ७ लाख ४१ हजार तीनचाकी विकल्या गेल्या. निर्यात ५३ लाखांच्या पुढे गेली. सुट्या भागांच्या उद्योगाची उलाढाल ‘ॲक्मा’ या त्यांच्या संघटनेच्या हिशेबाने त्या वर्षी ६ लाख ७३ हजार कोटी रुपये झाली. भागांची निर्यात २२.९ अब्ज डॉलर आणि आयात २२.४ अब्ज डॉलर. म्हणजे जमाखर्च जेमतेम जमेच्या बाजूला.

या आकड्यांच्या आत डोकावले की उद्योगाचा चेहरा बदललेला दिसतो. प्रवासी वाहनांमध्ये एसयूव्ही आणि तत्सम गाड्यांचा वाटा ६५ टक्क्यांवर गेला आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हापासून जवळपास तीस वर्षे भारतीय बाजार म्हणजे छोटी गाडी असे समीकरण होते. ते मोडले. नाशिकला याचा फायदाच झाला, कारण सातपूरच्या कारखान्याने छोटी गाडी कधी फारशी केलीच नाही. त्याने जीपगाड्या केल्या आणि बाजारच एक दिवस जीपगाड्यांकडे वळला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची नवी रचना लागू झाली. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्या १८ टक्क्यांच्या गटात आल्या. मोठ्या गाड्यांवरचा उपकर काढून सरळ ४० टक्के दर ठेवला गेला. सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के लागू झाले आणि विजेच्या गाड्या ५ टक्क्यांवरच राहिल्या. नाशिकमध्ये तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ३एक्सओ आणि बोलेरो निओ या दोन्ही गाड्या १८ टक्क्यांच्या गटात बसल्या. विक्रीच्या अंगाने पाहिले तर चिंतेचे कारण दिसत नाही. चिंता आहे ती गाडीच्या पोटात काय असेल याची.

सातपूर कसे घडले

नाशिकच्या औद्योगिक नशिबाला राजकारणाचाही हातभार लागला. चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. पुढच्याच वर्षी ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला. तोवर नोटांचा छापखाना, देवळालीची छावणी आणि तीर्थक्षेत्र एवढीच ओळख असलेल्या गावात मोजमाप काटेकोर पाळणारी कामगारांची एक पिढी तयार होऊ लागली. साठच्या दशकात ‘नाईस’ ही सहकारी औद्योगिक वसाहत आणि एमआयडीसीचे सातपूर, पाठोपाठ अंबड आणि सिन्नर अशी साखळी तयार झाली.

मायकोने म्हणजे आजच्या बॉशने डिझेल इंजिनाचे नोझल बनवायला नाशिक निवडले. कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलले, पण मायको सर्कल आजही मायको सर्कलच आहे. सीएटचा टायरचा कारखाना आला, गॅब्रिएलचे शॉक ॲब्सॉर्बर आले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महिंद्रा आली आणि मग पुरवठादारांच्या वसाहतीला आकार आला. प्रेस शॉप, फॅब्रिकेशन, रबर मोल्डिंग, प्लेटिंग, पावडर कोटिंग, टूल रूम अशी कामे वाटली गेली. कंपनीतून बाहेर पडलेला सुपरवायझर दोन लेथ घेऊन स्वतःचा गाळा टाकतो आणि जुन्या साहेबाकडूनच जॉबवर्क मिळवतो, ही नाशिकमधल्या कितीतरी कारखानदारांची सुरुवात आहे.

उदारीकरणानंतर काही परदेशी मोटार कंपन्याही सातपूरमार्गे भारतात शिरल्या, हे आता फारसे आठवले जात नाही. महिंद्रा-फोर्डची एस्कॉर्ट ही मोटार १९९६ मध्ये नाशिकला जोडली जाऊ लागली. फोर्डचा चेन्नईजवळचा कारखाना नंतरचा. २००७ मध्ये रेनॉची लोगानही इथेच बनली. दोन्ही भागीदाऱ्या टिकल्या नाहीत. फोर्डने चेन्नई गाठली आणि २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला. लोगान पुढे महिंद्राची व्हेरिटो झाली.

टिकली ती स्कॉर्पिओ. जनरल मोटर्समधली नोकरी सोडून १९९३ मध्ये महिंद्रात आलेले पवन गोयंका नाशिकच्या संशोधन विभागात रुजू झाले. जून २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ ही त्यांच्या तरुण चमूची करणी. जागतिक कंपन्या नव्या गाडीवर जेवढा खर्च करत, त्याच्या अंशात, साडेपाचशे ते सहाशे कोटींच्या घरात हे काम झाले. ते शक्य झाले याचे एक कारण पुरवठादारांकडे पाहण्याच्या पद्धतीत होते. तयार ड्रॉइंग हातात देऊन ‘एवढे करून द्या’ म्हणण्याऐवजी भागाची रचना करण्याची जबाबदारीही पुरवठादारांवर टाकण्यात आली. त्या काळात वेंडर कंपनीच्या बैठकीला दराचा कागद घेऊन जात, तशा सूचनाही घेऊन जात.

पुढे कंपनी मोठी झाली आणि संशोधन नाशिकहून हलले. २०१२ मध्ये चेन्नईजवळ महिंद्रा रिसर्च व्हॅली उभी राहिली. डिझाइनचे काम मुंबईत आणि अलीकडे इंग्लंडमधल्या बॅनबरीत होते. कंपनीच्या दृष्टीने निर्णय रास्त होता, कारण तिथे चाचणीच्या सोयी आणि मनुष्यबळ दोन्ही होते. नाशिकच्या दृष्टीने मात्र एक दार बंद झाले. कारखाना राहिला, काम वाढले, पण ड्रॉइंग बाहेरून येऊ लागले. इंजिन बदलले, बंपरचा आकार बदलला, एखादा ब्रॅकेट वगळला गेला, तर ते नाशिकला कळते ते ऑर्डर कमी झाल्यावर.

डिझेलचा चढ आणि उतार

बाहेरचा निर्णय स्थानिक कारखान्याला कसा हलवतो, हे डिझेलच्या कहाणीत स्पष्ट दिसते. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेलचे झाले नाहीत. २०१२ मध्ये दोन्हींच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचे अंतर पडले आणि २०१२-१३ मध्ये विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवरची होती. नोझल बनवणाऱ्या शहरासाठी तो सुगीचा काळ होता.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि दरातले अंतर आटत गेले. त्यानंतर फोक्सवॅगनचा उत्सर्जन घोटाळा गाजला, दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६ उत्सर्जन मानके लागू झाली. ती पाळणारे डिझेल इंजिन इतके महाग पडू लागले की मारुतीने डिझेल गाड्या सोडूनच दिल्या. आज प्रवासी वाहनांमध्ये डिझेलचा वाटा वीस टक्क्यांच्या खाली आहे. जवळपास पाचातली एक गाडी सीएनजीवर चालते.

नोझल दिसायला बोटाएवढा असतो. त्याच्या टोकाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक छिद्रे असतात आणि कॉमन रेल यंत्रणेत त्यांतून सुमारे दोन हजार बार दाबाने डिझेल फवारले जाते. असे काम बिनचूक करणारे कामगार एका दिवसात घडत नाहीत. २०१९-२० मध्ये प्रवासी वाहनांची देशांतर्गत विक्री १८ टक्क्यांनी घसरली, तेव्हा महिंद्रा आणि बॉश दोघांनीही ‘नो प्रॉडक्शन डे’ जाहीर केले. मोठ्या कंपनीत त्याचा अर्थ काही दिवसांची सुट्टी एवढाच होतो. वेंडरकडे त्याचा अर्थ महिन्याचा हप्ता चुकणे, आणि कंत्राटी कामगाराकडे गावी परतणे.

तरी डिझेल संपले असे म्हणणे घाईचे होईल. ट्रक, बस, ट्रॅक्टर, जनरेटर आणि दणकट एसयूव्ही अजून डिझेलवरच आहेत. लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन येणारा पिकअप उद्या सकाळी बॅटरीवर येणार नाही. डिझेलचा उतार मंद आहे, पण दिशा ठरलेली आहे.

कोणता भाग राहणार

विजेची गाडी आली की सगळेच सुटे भाग बुडणार, असा एक समज आहे. नाशिकचा नकाशा समोर ठेवून एकेक भाग तपासला, तर चित्र वेगळे दिसते.

टायर राहणार. उलट बॅटरीच्या वजनामुळे आणि इलेक्ट्रिक मोटरच्या झटक्यामुळे ते लवकर झिजतात, म्हणून त्यांची रचना वेगळी करावी लागते. शॉक ॲब्सॉर्बर राहणार. बॉडीचे पत्रे, सीट, काच, दिवे, ब्रेक, रबरी सील, वायरिंग हेही राहणार, आणि वायरिंगमध्ये तर जास्त व्होल्टेजचे नवे काम वाढणार. जाणार ते नोझल, इंजेक्टर, पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह, क्लच, सायलेन्सर, इंधनाची टाकी आणि गिअरबॉक्समधली बहुतेक चक्रे. म्हणजे पत्रा आणि रबर यांचे काम करणारा तुलनेने सुरक्षित, आणि इंजिनाच्या आतल्या भागांचे बारीक टर्निंग-ग्राइंडिंग करणारा अडचणीत. यात विसंगती अशी की नाशिकचे सर्वांत कसबी काम या दुसऱ्या गटात आहे.

बदलाचा वेग किती? २०२४-२५ मध्ये देशात सुमारे साडेअकरा लाख विजेच्या दुचाकींची नोंदणी झाली. दुचाकींच्या बाजारात हा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आहे. तीनचाकींमध्ये, ई-रिक्षा धरून, निम्म्याहून अधिक नोंदणी विजेच्या गाड्यांची आहे. मोटारींमध्ये मात्र हा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास होता. २०३० पर्यंत ३० टक्के हे सरकारी उद्दिष्ट त्यापासून बरेच दूर आहे.

मधली वाट हायब्रिडची. इंजिन आणि मोटार दोन्ही असलेल्या या गाडीत इंजिनाचे भाग बनवणाऱ्यांना आणखी काही वर्षे काम मिळते. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या ऑरिक वसाहतीत सुमारे २० हजार कोटींच्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. तो नाशिकच्या पुरवठादारांच्या चर्चेत येतो तो यासाठीच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सिन्नरहून संभाजीनगरला माल धाडणे आता खूपच सोपे झाले आहे. प्रश्न ऑर्डरचा आहे.

विजेचे नाशिक

आता दुसऱ्या शहराकडे वळू. कसारा घाटात विजेची इंजिने १९३० च्या सुमारास धावू लागली आणि इगतपुरी हे त्या मार्गाचे टोक होते. नाशिकरोडला रेल्वेचा ट्रॅक्शन मशीन वर्कशॉप आहे. इंजिनांच्या विजेच्या मोटारी उघडून, त्यांचे वाइंडिंग पुन्हा करून त्या परत रुळावर पाठवण्याचे काम तिथे चालते. रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी ‘इरीन’ ही संस्थाही नाशिकरोडलाच आहे. सातपूर-अंबडमध्ये एबीबी, क्रॉम्प्टन, सीमेन्स यांच्यामागे स्विचगिअरच्या पुरवठादारांची एक स्वतंत्र फळी आहे. टीडीके समूहातली एप्कॉस इथे कपॅसिटर बनवते, आणि फिल्म कपॅसिटर हा विजेच्या गाडीच्या इन्व्हर्टरमधला आवश्यक घटक आहे. इगतपुरी तालुक्यातला थायसनक्रुपचा इलेक्ट्रिकल स्टीलचा कारखाना जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईने मिळून घेतला. तिथले पोलाद ट्रान्सफॉर्मरसाठी लागते, आणि चार्जिंगचे जाळे वाढायचे तर ट्रान्सफॉर्मर आधी हवेत. केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या चाचणी प्रयोगशाळेसाठी शिलापूरची जागा निवडली गेली, तीही याच उद्योगांचा विचार करून.

एवढे सगळे एका शहरात असणे देशात फार ठिकाणी आढळत नाही. तरीही मोटारीचा पुरवठादार आणि स्विचगिअरचा पुरवठादार ‘निमा’ किंवा ‘आयमा’ या उद्योजक संघटनांच्या एकाच सभागृहात शेजारी बसतात आणि धंदा मात्र वेगवेगळ्या जगात करतात. पहिल्याला वर्षाला लाखो नग, पैशा-पैशाने ठरणारा दर आणि शून्य रिजेक्शन याची सवय आहे. दुसऱ्याला कमी नग, मोठी किंमत आणि ऑर्डरबरहुकूम काम ही सवय आहे. विजेच्या मोटारीचा कंट्रोलर, चार्जर, बसबार किंवा बॅटरीची पेटी करायची तर दोन्ही सवयी लागतात.

एकट्याने उडी मारण्याचे धोकेही शहराने पाहिले. ९ एप्रिल २०२२ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकजवळ एका स्थानिक कंपनीच्या ४० विजेच्या स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरमध्ये आग लागली आणि २० स्कूटर जळाल्या. त्या उन्हाळ्यात देशात अशा अनेक घटना घडल्या. केंद्राने बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेल बाहेरून आणून पॅक जुळवणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी तो झटका होता. ग्राहकासाठी ते आवश्यकच होते.

सेल, चिप आणि चुंबक या तीन वस्तूंवर विजेच्या गाडीचे राजकारण फिरते, आणि तिन्हींचा मोठा पुरवठा चीनच्या हातात आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि भारतातल्या वाहन कंपन्यांची धावपळ उडाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातच ही चुंबके बनवण्यासाठी ७ हजार २८० कोटींची योजना मंजूर केली. त्याआधी २०२१ मध्ये वाहन उद्योगासाठी २५ हजार ९३८ कोटींची आणि बॅटरी सेलसाठी १८ हजार १०० कोटींची प्रोत्साहन योजना आलीच होती. या योजनांची रचना मोठ्या गुंतवणूकदाराला समोर ठेवून आहे. अंबडचा वीस कामगारांचा गाळा तिच्या अटींत बसत नाही. मोठी कंपनी पात्र झाली आणि तिने काम दिले, तरच त्याला लाभ.

मदर इंडस्ट्री कुठे आहे?

नाशिकच्या उद्योजकांच्या कुठल्याही बैठकीत एक शब्द हमखास ऐकू येतो, ‘मदर इंडस्ट्री’. म्हणजे जिच्याभोवती शंभर-दोनशे छोटे कारखाने जगतात अशी मोठी कंपनी. नाशिकला अशी दुसरी मोटार कंपनी महिंद्रानंतर मिळाली नाही, ही तक्रार जुनी आहे आणि निराधार नाही.

पुणे जिल्ह्यातल्या चाकणशी तुलना केली की ती कळते. बजाज, मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्राचाच मोठा प्रकल्प. तळेगावला जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने घेऊन पुन्हा सुरू केला. संभाजीनगरला टोयोटाबरोबर एथर आणि जेएसडब्ल्यू यांच्या प्रकल्पांची घोषणा झाली. ऑरिकमध्ये जमीन एकत्रित, तयार आणि सोयींसह मिळते. सातपूर-अंबडमध्ये भूखंड संपले आहेत. सिन्नर तालुक्यात मुसळगाव-गुळवंच परिसरात इंडियाबुल्सच्या सेझसाठी घेतलेली मोठी जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या आराखड्यात सिन्नर-इगतपुरीचे नाव होते, प्रत्यक्षात मराठवाड्याने बाजी मारली.

नव्या गुंतवणुकीतही तोच कल दिसतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने महिंद्राच्या १० हजार कोटींच्या विद्युत वाहन प्रकल्पाला मंजुरी दिली, तो पुणे जिल्ह्यात. बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या चाकणला बनतात. नाशिकमध्ये तयार झालेल्या एक्सयूव्ही ३०० च्या सांगाड्यावर २०२३ मध्ये एक्सयूव्ही ४०० आली. पण सुरुवातीपासून विजेसाठीच घडवलेल्या गाड्यांचे केंद्र चाकण आहे. थार, थार रॉक्स आणि ३एक्सओ यांची मागणी जोरात आहे तोवर सातपूरला काम कमी पडणार नाही. मात्र कंपनीचे उद्याचे तंत्र दुसरीकडे शिजते आहे, ही गोष्ट पुरवठादारांच्या नजरेतून सुटलेली नाही.

एका दारावर अवलंबून राहण्यापेक्षा दुसरी दारे ठोठावावीत, हा सल्ला नेहमी दिला जातो. ओझरचे दार त्यात पहिले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते तिथल्या एचएएल या विमान कारखान्यात तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली. तिची क्षमता वर्षाला आठ विमाने आहे. मोटारीचा कारखाना महिन्याला हजारो गाड्या काढतो. विमानाचा भाग करणाऱ्याला पैसा बरा मिळतो, पण प्रमाणपत्रे मिळवण्यात वर्षे जातात आणि नग मोजकेच. दहा-वीस चांगल्या टूल रूम त्यावर नक्की उभ्या राहतील. प्रेस शॉपमधल्या हजारो हातांना तो पर्याय नाही.

दुसरे दार दुरुस्तीच्या बाजाराचे. गाडी विकल्यानंतर तिला लागणाऱ्या सुट्या भागांची देशातली बाजारपेठ २०२४-२५ मध्ये जवळपास एक लाख कोटींवर गेली. आज रस्त्यावर उतरणारी डिझेलची एसयूव्ही पुढची पंधरा वर्षे तरी क्लच, फिल्टर आणि इंजेक्टर मागणार. तिसरे दार निर्यातीचे. त्यात अमेरिकेने मे २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर २५ टक्के आयातशुल्क लावले आणि निर्यातदारांची गणिते बिघडवली.

कामगाराचा हिशेब

उद्योगाच्या चर्चेत यंत्रे आणि धोरणे पुढे असतात. लाइनवर उभ्या असणाऱ्या माणसाचा उल्लेख शेवटी येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात मायको किंवा महिंद्रात ‘पर्मनंट’ झालेला कामगार म्हणजे सिडकोत घर, मुले इंजिनिअरिंगला आणि गावाकडे द्राक्षबाग. त्या नोकरीने नाशिकचा मध्यमवर्ग घडवला. आज त्याच दारातून आत जाणाऱ्यांत ट्रेनी, ॲप्रेंटिस आणि कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे. देशाच्या संघटित कारखानदारीत कंत्राटी कामगारांचा वाटा उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार ४० टक्क्यांच्या वर गेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला त्यांनी कायद्याची चौकट दिली. सिटूसारख्या कामगार संघटनांचा त्यांना विरोध आहे. उद्योजक म्हणतात, ऑर्डरच सहा महिन्यांची असते, मग माणूस कायमचा कसा घ्यायचा?

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याचा परिणाम कौशल्यावर होतो. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलणाऱ्या कारखान्यात नोझलचे ग्राइंडिंग शिकलेला हात तयार होत नाही आणि चारशे व्होल्टच्या बॅटरीवर सुरक्षितपणे काम करणाराही तयार होत नाही. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या फिटरला इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिशियनला यांत्रिक जुळणी शिकवायची, तर अभ्यासक्रम आणि नोकरीचा काळ दोन्ही लांबवावे लागतील.

छोट्या कारखानदाराचा गळा मात्र रोखीअभावी आवळला जातो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास खरेदीदाराला करात ती वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही, असा प्राप्तिकर कायद्यातला नियम २०२३-२४ च्या हिशेबापासून आला. त्याने काहींचे पैसे वेळेवर येऊ लागले, तर काहींच्या ऑर्डर नियमाबाहेरच्या मोठ्या पुरवठादारांकडे वळतील अशी भीतीही व्यक्त झाली. दरवर्षी दर कमी करून मागणारा ग्राहक आणि महाराष्ट्रातले महाग वीजबिल यांच्यामध्ये जे उरते, त्यातून नव्या यंत्राचा हप्ता निघायचा असतो. ब्रॅकेट करणाऱ्याने बॅटरीची ॲल्युमिनियमची पेटी करावी, हे सांगणे सोपे आहे. त्यासाठीचे वेल्डिंग, गळती तपासण्याची सोय आणि चाचणीचा खर्च एकट्याच्या आवाक्यातला नाही. अंबडमध्ये नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर उभे राहिले ते अशाच सामाईक सोयींसाठी. विजेच्या भागांसाठी तशीच दुसरी फळी अजून उभी राहायची आहे.

पुढची काही वर्षे

एप्रिल २०२७ पासून मोटारींसाठी इंधन कार्यक्षमतेचे कॅफे-३ नियम लागू व्हायचे आहेत. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर त्यात मर्यादा असते. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या गाड्यांना सवलत सुचवली गेली, आणि छोट्या गाड्या विकणाऱ्या कंपन्या एकीकडे, एसयूव्हीवाल्या दुसरीकडे अशी उघड फूट पडली. नाशिकला या वादात थेट हितसंबंध आहे. जो उत्पादक फक्त जड एसयूव्ही विकतो, त्याला सरासरी खाली आणण्यासाठी विजेच्या गाड्या वाढवाव्याच लागतात. म्हणजे सातपूरच्या थारला बाजारात जागा राहायची असेल, तर चाकणच्या विजेच्या गाड्या खपायला हव्यात.

राज्याचे २०२५ चे विद्युत वाहन धोरण २०३० पर्यंत चालणार आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर विजेच्या मोटारी आणि बसना टोलमाफी हा त्याचा सर्वांत दिसणारा भाग. नाशिक-पुणे मार्गावर एसटीच्या विजेच्या बस धावतात. येत्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी शहराला बसगाड्या मोठ्या संख्येने लागणार आहेत. त्यांचे चार्जर, पॅनेल, केबल, देखभाल आणि सुटे भाग गावातच मिळावेत अशी अट निविदांमध्ये घालणे महापालिकेच्या आणि एसटीच्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही परदेशी कंपनीची वाट पाहावी लागत नाही. अशा निविदेला एकत्र बोली लावण्यासाठी एक प्रेस शॉप आणि एक स्विचगिअरचा कारखाना एका टेबलावर बसले, तर तो नाशिकमधला या प्रकारचा पहिला मोठा व्यवहार ठरेल.

२०२७ च्या अखेरीपर्यंत तीन गोष्टींचा निकाल दिसू लागेल. कॅफे-३ अंतिमतः कोणत्या रूपात येते आणि त्यामुळे डिझेल एसयूव्हीला किती आयुष्य मिळते, ही पहिली. संभाजीनगरचा नवा मोटार कारखाना आपल्या भागांसाठी सिन्नर-अंबडपर्यंत येतो की स्वतःचे पुरवठादार सोबत आणतो, ही दुसरी. सिन्नरच्या पडून असलेल्या जमिनीवर विजेच्या भागांसाठी सामाईक चाचणी केंद्र आणि लहान गाळे होतात की पुन्हा एका ‘मदर’ कंपनीची प्रतीक्षा होते, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी दिल्लीत आणि टोयोटाच्या कार्यालयात ठरतील. तिसरीचा निर्णय राज्य सरकार, एमआयडीसी आणि नाशिकच्या उद्योजक संघटनांना मिळून घेता येण्यासारखा आहे.